लाखेचा हात

आमच्या देवघराच्या खालच्या कप्प्यात पत्र्याची एक डबी आहे. तिच्यात बोराएवढा, मधाच्या रंगाचा एक टणक खडा आहे. पाहुण्यांना तो जंगलातला डिंक वाटतो. प्रत्यक्षात तो एपॉक्सी आहे. १९७९ च्या हिवाळ्यात मी स्वतः दोन ट्यूबांतून काढून, कालवून तो बहिणीच्या बोरमाळेच्या मण्यात भरला होता. इतक्या वर्षांत तो जरासुद्धा मऊ झालेला नाही. नखाचा ओरखडा उठत नाही, उकळत्या पाण्यात वितळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळत नाही. चिकटवण्याच्या पदार्थाकडून जे मागावे ते सगळे त्याने दिले. तरीही तो तिथे भरणे ही माझी चूक होती.

मी व्यवसायाने फिटर. पुढे तीसेक वर्षे आयटीआयमध्ये तोच विषय शिकवला. घराणे मात्र सोनाराचे, चिमूरचे. शिकवण्याच्या त्या वर्षांत एक गोष्ट मला सतत खटकत आली. वेल्डिंग, टॅपिंग, स्क्रॅपिंग ही अवघड कामे मुले चार महिन्यांत हातात आणत. पण दोन ट्यूबा समान पिळून, कालवून, लावून, एक दिवस गप्प बसायचे, एवढे सोपे काम निम्म्या मुलांच्या हातून बिघडे. कुणाचा जोड आठवड्यानेही चिकटच राही, कुणाचा रबरासारखा वाके, कुणाचा वरून काचेसारखा दिसे आणि हाताने ओढताच सोलून निघे. मुले ट्यूबेला दोष देत. मीही काही वर्षे दिला. मग लक्षात आले की दोष हाताच्या सवयीत आहे, आणि ती सवय आजची नाही. तिला आमच्या जंगलाइतका जुना इतिहास आहे. या लेखात तो इतिहास मांडायचा आहे.

जंगलाचा डिंक

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. या सलग जंगलपट्ट्यात चिकटवण्याच्या वस्तू झाडावर मिळत. धावड्याचा डिंक पाण्यात विरघळवला की कागद चिकटे, आणि तुपात तळला की बाळंतिणीचा लाडू होई. पळसाच्या सालीतून लाल डिंक निघे. घरी चिंचोक्याची खळ होती. या सगळ्यांवरचा राजा म्हणजे लाख.

लाख हा झाडाचा चीक नाही. पळस, बोर आणि कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर केरिया लॅक्का नावाचा अगदी बारीक किडा वस्तीने राहतो, झाडाचा रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतो. फांदीवर साचलेल्या या खरबरीत थरासाठी लोकांनी शेकडो वर्षे त्याची शेती केली. पळस-बोरावरची लाख ‘रंगीनी’, कुसुमावरची ‘कुसुमी’. रंगीनीची पिके बैसाखी आणि कातकी, कुसुमीची जेठवी आणि अघनी. महिन्यांची नावे पिकांना मिळाली, यावरूनच या उद्योगाचे वय कळते. फांदीवरून खरवडायची, कुटायची, धुऊन तिचा लाल रंग काढायचा, मग दाणे कापडाच्या लांब पिशवीत भरून विस्तवासमोर पिशवी पिळायची. वितळून बाहेर आलेली लाख ताणून पातळ पापुद्रा केला की चपडी लाख तयार. सुताराचे स्पिरिट पॉलिश, पोस्टाच्या पार्सलावरची मोहोर, बांगड्या, ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या, विजेच्या यंत्रांतले आवरण, सगळीकडे हीच लाख. तिच्यावर संशोधन करण्यासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे स्वतंत्र संस्था स्थापन झाली. एका किड्याच्या पाठीवरच्या कवचासाठी अख्खी संशोधन संस्था, एवढे तिचे मोल होते.

सोनाराच्या दुकानात लाखेचे काम वेगळेच. बोरमाळेचा मणी भरीव सोन्याचा नसतो. पातळ पत्र्याचा पोकळ मणी करायचा, त्यात छिद्रातून गरम लाख भरायची. लाख थंड झाली की पातळ पत्र्याला आतून आधार मिळतो, मणी चेपत नाही आणि थोड्या सोन्यात गळा भरलेला दिसतो. कोयत्याचा आणि सुरीचा दांडाही लाखेनेच बसवत. पाते तापवायचे, मुठीच्या छिद्रात लाखेची पूड घालायची, पाते खुपसायचे, सरळ आहे का ते बघायचे. वाकडे वाटले तर पुन्हा तापवायचे.

‘पुन्हा तापवायचे’ या दोन शब्दांत लाखेचा सगळा स्वभाव आला. सत्तर-ऐंशी अंशांवर ती मऊ पडते, थंडीत घट्ट होते, परत तापवली की परत मऊ. ती चूक पोटात घालते. महाभारतातले लाक्षागृह आठवा: ज्या घराला आग लागली की भिंती वितळाव्यात, असे घर. तिथे जो कपटाचा गुण होता, तोच सोनाराच्या दुकानात उपकाराचा ठरला.

आमच्या घरातली एक गोष्ट बाबा नेहमी सांगत. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरमध्ये उठाव झाला. नंतर लष्कर आले, धरपकड झाली, खटले चालले. आमच्याही घरातला एक माणूस आत होता. कोर्टकचेरीला पैसा हवा होता. एका रात्री आजोबांनी आजीच्या बोरमाळेचे सात मणी बागेसरीवर धरले. बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे. फुंकणी त्यांच्या हातात होती. मणी जरा तापला की आधी आतली लाख मऊ व्हायची आणि छिद्रातून थेंबथेंब खालच्या वाटीत उतरायची. सोने आणि लाख आपापल्या वाटेने वेगळे झाले. सोने नागपूरला गेले. वाटीतली लाख आजोबांनी टाकली नाही, कपाटात ठेवून दिली. पाच-सहा वर्षांनी हातात चार पैसे आले तेव्हा सात मणी पुन्हा घडवले आणि त्यात तीच लाख भरली.

आपण दागिना ‘घडवतो’ आणि अडचणीत ‘मोडतो’. मोडता येतो म्हणून तर तो संसाराचा आधार. लाख या व्यवहाराला साजेशी होती.

लाखेला पर्याय

गंमत अशी की एपॉक्सीच्या घराण्याचा उगमही लाखेपाशीच सापडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेचा प्रसार झाला, तारा आणि यंत्रे झाकायला लाख कमी पडू लागली आणि भाव चढले. अमेरिकेत स्थायिक झालेले बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड कृत्रिम लाख करण्याच्या मागे लागले. हाती आले ते भलतेच: १९०७ मधील बॅकेलाइट. ते एकदा तापून घट्ट झाले की पुन्हा कितीही तापवा, वितळत नसे. लाखेसारखे काही शोधायला निघालेल्या माणसाला लाखेच्या नेमका उलट स्वभाव असलेला पदार्थ मिळाला. तिथून पदार्थांची एक नवी जात सुरू झाली: एकदाच आकार घेणारी, मग कायमची तशीच राहणारी.

खरे सांगायचे तर लाखेतही हा स्वभाव लपलेला आहे. ती फार वेळ तापत ठेवली तर तिचे रेणू एकमेकांत गुंततात आणि ती वितळेनाशी होते. सोनार अशी लाख बिघडली म्हणून फेकून देतो. त्याच्या दृष्टीने जो बिघाड, त्यावर पुढे रसायनशास्त्रज्ञांनी कारखाने उभारले.

एपॉक्सी या जातीतला पुढचा वारस. स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां दातांचे साहित्य करणाऱ्या डी ट्रे कंपनीसाठी काम करत. कवळीसाठी साच्यात ओतता येईल आणि घट्ट होताना फारसा आकसणार नाही असा पदार्थ त्यांना हवा होता. १९३८ मध्ये त्यांनी एपॉक्सी रेझीनच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांचे रेझीन तापवून घट्ट करावे लागे. दातांच्या धंद्यात ते चालले नाही. हक्क बाझेलच्या सीबा कंपनीकडे गेले. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी रंग आणि लेपांच्या वाटेने याच रेझीनवर काम केले. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, सीबाने अ‍ॅरल्डाइट बाजारात आणले. पुढे खोलीच्या तापमानाला काम करणारे हार्डनर आले आणि भट्टीची गरज संपली. कारखान्यातली वस्तू दोन ट्यूबांत मावून स्टेशनरीच्या दुकानात पोहोचली. भारतात अ‍ॅरल्डाइट हे नाव इतके रुळले की फुटलेली कपबशी म्हटली की लोकांच्या तोंडी तेच येई. २०२० मध्ये हा ब्रँड भारतीय उपखंडापुरता फेव्हिकॉलवाल्या पिडिलाइटकडे आला. नळाच्या गळतीला लावायचे दोन रंगांचे एम-सीलही याच कुळातले.

वस्तू इथवर आली, पण तिच्या मागचा हात आला नाही. ट्यूबेवरच्या सूचनांमागे मोजून घेणारा, घड्याळ पाहणारा, भट्टीच्या तापमानाची वही ठेवणारा कामगार गृहीत धरलेला असतो. आमच्याकडे ट्यूब पडली लाखेच्या हातात.

विरजण की जोडीदार

माझ्या मुलांच्या बिघडलेल्या जोडांची मी एक वही ठेवली होती. त्यातली सगळ्यात मोठी नोंद एकच: हार्डनर जास्त. विचारले की उत्तर ठरलेले, ‘सर, लवकर सेट व्हावे म्हणून थोडे जास्त घातले.’

हा तर्क कुठून आला? घरातून. थंडीत दही लागत नसेल तर आई विरजण जरा जास्त घालते आणि दही खरेच लवकर लागते. कारण विरजणातले जंतू वाढतात. चिमूटभर असले तरी अख्ख्या भांड्याला पुरतात. फायबरग्लासच्या कारखान्यात काम केलेल्यांची सवयही अशीच. तिथले पॉलिस्टर रेझीन थेंबांच्या हिशोबाने घातलेल्या द्रवाने चेतते आणि ठरावीक मर्यादेत थेंब वाढवले की वेग वाढतो. एपॉक्सीचा हार्डनर यातला नाही. तो विरजण नाही, जोडीदार आहे.

रेझीनच्या रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक ताणलेली तिकोनी कडी असते: दोन कार्बन, एक ऑक्सिजन. हार्डनरच्या रेणूत नायट्रोजनला धरून बसलेले काही हायड्रोजन असतात. एक हायड्रोजन एक कडी उघडतो आणि तिथे कायमची गाठ बसते. रेझीनला दोन हात, हार्डनरला चार-पाच हात, असे समजा. सगळ्यांनी सगळे हात धरले की विणलेली जाळी तयार होते, आणि ती जाळी म्हणजेच टणकपणा. हार्डनर जास्त झाला तर रेझीनचे हात लगेच धरले जातात, पण हार्डनरचे बरेच हात मोकळे राहतात. जाळीऐवजी तुटक घोळके उरतात. जोड मऊ, रबरी होतो. कमी झाला तर रेझीनचे हात रिकामे राहतात आणि जोड चिकट राहतो. दोन्ही वेळा वाट पाहून काही होत नाही. महिनाभर ठेवला तरी जोडीदार हवेतून येत नाही. वरून हार्डनर चोपडल्यानेही दुरुस्ती होत नाही; खरवडून, पुसून, पुन्हा पहिल्यापासून हाच उपाय.

माप कसे घ्यायचे याचीही गोम आहे. ट्यूबेवर ‘समान’ लिहिलेले असते ते आकारमानाने. सामान्य, सावकाश घट्ट होणाऱ्या जातीत १०० भाग रेझीनला वजनाने ८० भाग हार्डनर लागतो, कारण हार्डनर हलका. सोनाराचा मुलगा म्हणून मी काटा काढला, समान वजन घातले आणि अचूकपणाच्या नादात चुकलो. कमी प्रमाणात काम असेल तर काचेवर सारख्या जाडीच्या, सारख्या लांबीच्या दोन रेघा पिळाव्यात. काट्यावर घ्यायचे तर डब्यावरचे वजनाचे प्रमाण वाचावे.

दुसरी नोंद कालवण्याची. लाख एकच पदार्थ, तिला कालवावे लागत नाही. इथे दोन रेणू शेजारी आल्याशिवाय गाठ नाही. काडीने चार वेढे मारून भागत नाही. पूर्ण दोन-तीन मिनिटे, कडा आणि तळ खरवडत, रेघांचा मागमूस राहणार नाही इतके कालवावे. थंडीत रेझीन कधी साखर धरलेल्या मधासारखे दाणेदार, पांढुरके होते. ते बिघडलेले नसते. बंद ट्यूब गरम पाण्यात ठेवली की पुन्हा स्वच्छ होते, मग कालवावे.

तिसरी नोंद तापमानाची, आणि ती चिमूरची खास. ढोबळ हिशोब असा की दहा अंश तापमान वाढले की वेग दुप्पट. पंचवीस अंशांना जो जोड एका दिवसात तयार होतो, त्याला पंधरा अंशांना दोन दिवस द्यावेत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तर डिसेंबरच्या पहाटे दहाच्या आसपास उतरतो. एकाच गावात एकच ट्यूब दोन वेगळ्या वस्तूंसारखी वागते. मे महिन्यात वाटीभर कालवून ठेवले तर वाटीच आधी तापते. कारण गाठ बसताना उष्णता निघते, ती गोळ्यात कोंडते, त्याने वेग आणखी वाढतो, आणि पाहता पाहता वाटीतून धूर येतो. पातळ थरात हीच उष्णता निघून जाते. म्हणून उन्हाळ्यात थोडे थोडे कालवावे आणि लगेच पसरावे. हिवाळ्यात जोड उबेत ठेवावा, पण आधी घट्ट धरू द्यावा. लाखेसारखा विस्तवावर धरू नये. पावसाळ्यात दमट हवेतले पाणी आणि कर्बवायू हार्डनरशी आधीच संधान बांधतात आणि पृष्ठभागावर पांढुरका, तेलकट थर येतो. श्रावणात जोड दार लावलेल्या कोरड्या खोलीत ठेवावा.

चौथी नोंद पृष्ठभागाची. वरून काचेसारखा दिसणारा आणि सोलून निघणारा जोड आतून उत्तम सेट झालेला असतो. फक्त तो धुळीला आणि तेलाला चिकटलेला असतो. पॉलिश पेपरने खरवडावे, स्पिरिटने पुसावे, मग बोट लावू नये. दाबताना शिकंजा फार आवळला की सगळा डिंक बाहेर येतो आणि आत काही उरत नाही. हातालाही जपावे, काहींच्या कातडीला हार्डनरने पुरळ उठते आणि एकदा उठले की पुढे थेंबभरानेही उठते.

पाचवी आणि सगळ्यात मानवी नोंद: हलवून पाहणे. लाखेचा जोड थंड होताच पाहता येतो, पाहावाच लागतो. तीच सवय इथे घातक. जाळी अर्धी विणली असताना हलवली तर तुटलेल्या गाठी पुन्हा बसत नाहीत. लाखेचा हात सतत काहीतरी करत राहतो. इथे काही न करणे हेच कामाचे मोठे अंग आहे.

बोरमाळ

आता डबीतल्या खड्याची गोष्ट. १९७९ च्या श्रावणात बहीण नागपंचमीला माहेरी आली. बोरमाळेच्या पाच मण्यांतली लाख भुगा होऊन गळली होती आणि मणी चेपू लागले होते. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी नुकताच नोकरीला लागलेलो, नव्या ज्ञानाचा ताठा अंगात. नागपूरहून आणलेल्या दोन ट्यूबा काढल्या. हवा दमट, म्हणून हार्डनर मुद्दाम वाढवला. पंधरा दिवसांनी बहिणीचा निरोप आला: मण्यांतून पिवळे, चिकट काहीतरी निघून दोरा आणि गळा दोन्ही माखले. बाबा हसले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘लाखेनं असं कवाच केलं नाही बाप्पा.’

त्या वाक्याने मी पेटलो. मण्यांतला तो चिकटा कोरून काढण्यात रविवारची सुट्टी गेली. पुस्तके आणली, माप शिकलो. डिसेंबरात ट्यूबा कोमट करून, काचेवर दोन रेघा मोजून, पाचही मणी पुन्हा भरले आणि दोन दिवस चुलीशेजारच्या उबदार फळीवर ठेवले. मणी दगडासारखे झाले. बहीण खूश. बाबांनी एक मणी बोटांत फिरवला, बागेसरीकडे पाहिले आणि विचारले, ‘अन् हे निंघन कसं?’ मला प्रश्नच कळला नाही. न निघणे हाच तर माझा विजय होता.

सात वर्षांनी बहिणीच्या नवऱ्याचे ऑपरेशन निघाले आणि बोरमाळ मोडायची वेळ आली. ती दूरच्या गावात होती; सराफाने बाकीचे मणी तापवून लाख काढली, सोने तोलले. माझे पाच मणी निघेनात. एपॉक्सी वितळत नाही. फार तापवला तर काळा पडून, धूर सोडून जळतो. त्याने चार मणी जाळले. पातळ पत्रा कोळशात मिसळला, सोने घटले, पुन्हा शुद्ध करावे लागले. रक्कम फार मोठी नव्हती, पण त्या आठवड्यात बहिणीला एकेक रुपया मोजून लागत होता. पाचवा मणी त्याने चिरून पत्रा सोलून घेतला आणि आतला खडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो मला आणून दिला. बोलली काही नाही. बाबा तोवर गेले होते. त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

कोयना आणि अजिंठा

मग न सुटणारा जोड वाईटच का? महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात या प्रश्नाची दोन मोठी उत्तरे आहेत आणि ती परस्परविरुद्ध आहेत.

पहिले उत्तर कोयनेचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात साडेसहा तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली, घरे जमीनदोस्त झाली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण त्याच्या वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या पातळीच्या आसपास, आडव्या भेगा पडल्या. मागे पाणी, खाली वस्ती. भेगा बुजवण्यासाठी एपॉक्सी रेझीन दाबाने आत सोडण्यात आले. इथे पुन्हा उघडण्याचा प्रश्नच नव्हता. उघडू नये हाच सगळा हेतू. एपॉक्सी घट्ट होताना फारसा आकसत नाही, हा कास्तांनी दातांसाठी शोधलेला गुण धरणाच्या भेगेत कामी आला. ज्या काळात हे घडत होते त्याच काळात इजिप्तमध्ये अबू सिंबेलची मंदिरे कापून वर हलवताना ठिसूळ वालुकाश्म धरून ठेवायलाही एपॉक्सीच टोचला गेला होता. पण कोयनेच्या अभियंत्यांनी नुसत्या चिकटवण्यावर भिस्त ठेवली नाही. ताण दिलेल्या पोलादी केबलींनी वरचा भाग खाली आवळला आणि पुढे मागच्या अंगाला काँक्रीटचे टेकू देऊन धरण जाड केले. उत्तम सेट झालेला जोडही एकटा सोडायचा नसतो, हे मी मुलांना कोयनेवरून शिकवत असे.

दुसरे उत्तर अजिंठ्याचे. लेण्यांतली चित्रे पोपडे धरून गळत होती. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या पुढाकाराने, १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन जाणकारांना बोलावले. त्यांनी रंग धरून ठेवण्यासाठी शेलॅक, म्हणजे आपली चपडी लाखच, विरघळवून लावली. त्या घडीला रंग थांबला. काळाच्या ओघात लाखेचा थर पिवळा-तपकिरी पडला, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि चित्रांचे निळे-हिरवे रंग झाकोळले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना हा थर काढण्यात पुढे अनेक दशके घालवावी लागली. जुनी लाख नव्या लाखेइतकी सहज विरघळत नाही. दुसऱ्या संधीलाही मुदत असते. तरी ती निघू शकली, म्हणून खालचे रंग पुन्हा दिसले. तिच्या जागी न विरघळणारे काही असते तर ती चूक चित्राचाच भाग झाली असती. आज जगभरचे संग्रहालयवाले जोड लावण्याआधी विचारतात की हा उद्या काढता येईल का. बागेसरीपुढे बसलेल्या माझ्या वडिलांनी तोच प्रश्न चिमूरच्या बोलीत विचारला होता.

म्हणून निवृत्त होण्याआधीची काही वर्षे मी हा धडा उलट्या क्रमाने शिकवू लागलो. ट्यूब हातात देण्याआधी मुलाने वहीत एका ओळीत लिहायचे: ही वस्तू पुन्हा उघडावी लागेल का? पंपाच्या आवरणाची चीर, लोखंडी खांबाचा पाया, फुटलेली फरशी असेल तर एपॉक्सी. आणि तोही मापाने, कालवून, स्वच्छ पृष्ठभागावर, न हलवता, ऋतू पाहून. बेअरिंग, झाकण, मोटरीची गुंडाळी, आजीचा दागिना असेल तर नटबोल्ट, डाख, लाख, जे सुटेल ते. हे एक वाक्य लिहायला लावल्यावर वहीतल्या बिघडलेल्या जोडांच्या नोंदी कमी झाल्या, हे मी पाहिले. कारणही कळले. पुन्हा संधी नाही हे आधीच लिहून झाले की हात आपोआप मोजायला लागतो.

बहिणीने नंतर नवी बोरमाळ केली. तिच्या मण्यांत लाख आहे. गेल्या दिवाळीत तिच्या नातीने माझ्याकडची डबी उघडली, खडा दिव्याच्या उजेडात धरला आणि विचारले, ‘आजोबा, हा मोडत का नाही?’ मी तिला म्हटले, ‘बरोब्बर माप घेतले होते, म्हणून.’ बहीण शेजारी बसून वाती वळत होती. ती मान खाली घालूनच हसली.